सीटी नॉर्मल आला, पण रक्त पोहोचतंय का?

डोक्याला मार लागलेला माणूस असो की अंगावरून वारं गेलेला, नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच: सीटीत काय आलं? स्ट्रोकच्या पहिल्या तासा-दोन तासांत काढलेला साधा सीटी बऱ्याचदा जवळजवळ नॉर्मल दिसतो. मग कुणीतरी म्हणतं, "सीटी क्लीन आहे, सकाळी बघू," आणि तिथेच घात होतो. साधा सीटी मेंदूची रचना दाखवतो आणि रक्तस्राव झालाय का ते सांगतो. त्या रचनेतून या घडीला किती रक्त वाहतंय, हे तो सांगत नाही. पेशी जगणार की मरणार, ते मात्र बरंचसं त्या वाहण्यावर ठरतं.

गेल्या ऐंशी वर्षांतलं संशोधन बघितलं तर या प्रवाहाला आपल्या हातून लागणारे धक्के मोजकेच आहेत: रक्तदाब पडणं किंवा पाडणं, श्वास जोरात देणं आणि वेळ घालवणं. तिन्हींवर लक्ष ठेवायला लागतं बीपीचं यंत्र आणि घड्याळ. तेवढं खान्देशातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात असतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आकडे. प्रौढ मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या २ टक्के. पण शरीर आरामात असताना जेवढा ऑक्सिजन वापरतं, त्यातला २० टक्के एकटा मेंदू घेतो. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिली रक्त मिळतं, एकूण हिशेब मिनिटाला ७०० मिलीचा. वरच्या करड्या थरात हा आकडा ७० ते ८०, आतल्या पांढऱ्या भागात २० ते २५. यकृतासारखा साखरेचा साठा इथे नाही, स्नायूंसारखी ऑक्सिजनशिवाय काही काळ तग धरायची सोयही नाही.

५० चा प्रवाह २० च्या आसपास उतरला की पेशींचं विद्युत काम थांबतं. हात उचलत नाही, जीभ वळत नाही, पण पेशी जिवंत असतात. १० च्या खाली गेला की पेशीच्या पटलावरचे सोडियम-पोटॅशियमचे पंप बंद पडतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगून मरते. या दोन आकड्यांमधला, काम बंद पण जीव शाबूत असलेला पट्टा म्हणजे पेनम्ब्रा. अ‍ॅस्ट्रप, सिस्यो आणि सायमन यांच्या १९८१च्या लेखाने हे नाव रुळलं. स्ट्रोकचा आजचा सगळा उपचार या पट्ट्यासाठी आहे.

हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. १५ च्या प्रवाहावर पेशी काही तास काढू शकते, ५ वर काही मिनिटं. मोठी धमनी बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, हा सेव्हरने २००६ मध्ये मांडलेला हिशेब पोस्टरवर छापून छापून गुळगुळीत झालाय. तो सरासरीचा आहे. ज्याच्या शेजारच्या धमन्यांची जाळी चांगली, त्याचं नुकसान सावकाश होतं. ज्याची जाळी नाही, त्याचा भाग तासाभरात जातो. कोण कुठल्या गटातला, हे चेहरा बघून कळत नाही, म्हणून सगळ्यांसाठीच घाई.

दाब बदलला तरी प्रवाह कसा टिकतो, हे रावेर-यावलच्या केळीवाल्याला समजावून सांगावं लागणार नाही. ठिबक सिंचनाच्या पीसी (दाब सांभाळणाऱ्या) ड्रिपरमध्ये नळीचा दाब एक किलो असो की तीन, थेंब तेवढाच पडतो, कारण आतला रबरी पडदा दाब पाहून वाट अरुंद किंवा रुंद करतो. मेंदूच्या बारीक धमन्या हेच करतात. दाब वाढला की आकसतात, उतरला की पसरतात. याला ऑटोरेग्युलेशन म्हणतात. डोक्याला जबर मार लागला किंवा धमनी बंद झाली की त्या भागातला पडदा निकामी होतो. मग सरासरी रक्तदाब २० ने पडला तर प्रवाहही त्याच्याबरोबर पडतो. धडधाकट माणसाला ज्या बीपीने काही होत नाही, तेच बीपी या मेंदूला उपाशी मारतं.

पाठ्यपुस्तकात या गुणधर्माचा एक आलेख असतो: सरासरी दाब ५० ते १५० असेपर्यंत प्रवाहाची सरळ आडवी रेघ. हा लासेनचा १९५९ चा आलेख. तो एकाच माणसाचा दाब वरखाली करून काढलेला नाही. वेगवेगळ्या अभ्यासांतल्या गटांच्या सरासरी एकत्र मांडून काढलाय. पुढच्या मोजमापांत असं दिसलं की ती सपाट रेघ प्रत्यक्षात बरीच आखूड आहे, आणि मेंदू दाब चढण्याला जितका तोंड देतो तितका पडण्याला देत नाही. "बीपी १०० वर आलंय, ठीक आहे" असं म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं. जुन्या बीपीवाल्याची रेघ तर मुळातच उजवीकडे सरकलेली असते. रोज १७० वर वावरणाऱ्याला ११० म्हणजे खड्डा.

प्रवाह मोजायची पहिली भरवशाची पद्धत केटी आणि श्मिट यांनी १९४० च्या दशकात बसवली. माणसाला दहा मिनिटं १५ टक्के नायट्रस ऑक्साइड हुंगायला द्यायचा, धमनीतून आणि गळ्याच्या शिरेतून थोड्या थोड्या वेळाने रक्त काढायचं, दोन्हींतल्या फरकावरून मेंदूने किती वायू उचलला ते काढायचं. आकडा मिळतो, पण अख्ख्या मेंदूचा एकच. स्ट्रोकमध्ये एक कोपरा मरतोय आणि बाकी ठीक आहे, तिथे सरासरीचा काय उपयोग? म्हणून पुढे किरणोत्सर्गी झेनॉन आला, मग पेट स्कॅन. पेटमध्ये ऑक्सिजन-१५ वापरतात, त्याचं अर्धायुष्य दोन मिनिटं. म्हणजे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, शेजारच्या खोलीत हवं. संशोधनाला उत्तम, रात्री दोन वाजता येणाऱ्या रुग्णाला निरुपयोगी. पण प्रवाह कमी झाल्यावर पेशी आधी रक्तातला ऑक्सिजन जास्त ओढून घेऊन तग धरतात, आणि ती युक्ती संपली की कोसळतात, हा क्रम पेटनेच माणसात दाखवला.

डोक्याचा मार

सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. दोन्हीवर ट्रक, मधूनच ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि हेल्मेट हँडलला अडकवलेल्या मोटरसायकली. मार लागला तो क्षण आपल्या हातात नसतो. त्यानंतरचे सहा तास असतात.

१९७८ मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी डोक्याच्या मारामुळे दगावलेल्यांचे मेंदू तपासले. दहांतल्या नवांत रक्त न मिळाल्याने मेलेले भाग सापडले. म्हणजे कवटीवर आदळण्याचा मार वेगळा आणि नंतरच्या उपासमारीचा वेगळा. जिवंत रुग्णांत प्रवाह मोजला तेव्हा कळलं की तो सर्वांत खाली असतो पहिल्या काही तासांत, नेमक्या त्या वेळी जेव्हा रुग्ण रस्त्यावर, रिक्षात किंवा रेफरच्या कागदाची वाट बघत असतो. मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तीन टप्पे मांडले: पहिल्या दिवशी प्रवाह कमी, पहिल्या ते तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणांत गरजेपेक्षा जास्त, आणि चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत काहींच्या धमन्या आकसलेल्या. म्हणून पहिल्या दिवशीचं औषध चौथ्या दिवशी जसंच्या तसं चालवणं चुकीचं.

बेडशेजारी करायचं गणित सोपं आहे. मेंदूला मिळणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाब वजा कवटीतला दाब. सरासरी काढायला खालच्या आकड्यात दोन आकड्यांच्या फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा. बीपी १४०/८० असेल तर सरासरी १००. सूज येऊन कवटीतला दाब २५ झाला असेल, तर मेंदूला मिळाले ७५. त्याच माणसाचं पोटात रक्तस्राव होऊन बीपी ९०/६० झालं: सरासरी ७०, वजा २५, उरले ४५. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार हा आकडा ६० ते ७० असावा आणि कवटीतला दाब २२ च्या वर गेला की उपचार करावा. वरचं बीपी १५ ते ४९ वयात आणि सत्तरीनंतर किमान ११०, पन्नास ते एकोणसत्तरमध्ये किमान १००. ९० ही जुनी रेघ आता पुरत नाही. चेस्टनट आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच दाखवलं होतं की वरचं बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेलं तरी मृत्यूचं प्रमाण दुप्पट होतं.

म्हणून डोक्याच्या रुग्णाचं बीपी कमी दिसलं तर डोक्याला दोष देऊ नका. प्रौढात एकट्या डोक्याच्या मारामुळे बीपी सहसा पडत नाही, अगदी शेवटची अवस्था सोडली तर. पोट, छाती, कंबर, मांडीचं हाड शोधा. टाळूला मोठी जखम असेल तर तिथूनही चांगलं अर्धा-एक लिटर रक्त जातं आणि ते गाडीतल्या सतरंजीत मुरलेलं असल्याने कुणी मोजत नाही. दाबून पट्टी किंवा दोन टाके आधी, सीटी नंतर. सलाईन ०.९ टक्के नॉर्मलचीच. ५ टक्के डेक्स्ट्रोजची बॉटल लावू नये: साखर पेशी वापरून टाकतात, उरलेलं निव्वळ पाणी सुजलेल्या मेंदूत जातं. शुगर कमी असेल तर ती वेगळी भरून काढायची.

आता श्वास. या भागात सर्वांत जास्त नुकसान कुणी वाईट हेतूने करत नाही. घाबरलेला हात करतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड १ मि.मी. ने उतरला की मेंदूचा प्रवाह सुमारे ३ टक्क्यांनी उतरतो, कारण धमन्या आकसतात. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये अ‍ॅम्ब्यू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) मिनिटाला २५-३० वेळा दाबली, तर ४० चा कार्बन डायऑक्साइड थोड्या वेळात २५ वर येतो. प्रवाह चाळीस टक्क्यांच्या आसपास घटला. आधीच २५ वर आलेल्या भागाचे मग १५ उरतात. ऑक्सिमीटर तोवर १०० दाखवत असतो आणि सगळे खूश असतात. प्रौढाला मिनिटाला १० श्वास, म्हणजे सहा सेकंदांनी एक. मनात मोजत बसण्यापेक्षा मोबाइलचं स्टॉपवॉच समोर ठेवा. छाती जेमतेम उचलली की बॅग सोडायची, पूर्ण पिळायची नाही. एका डोळ्याची बाहुली अचानक मोठी होऊन स्थिर झाली किंवा हात-पाय ताठ मागे वळायला लागले, तरच मिनिटाला २०, आणि तेही ऑपरेशनची किंवा मॅनिटॉलची (मेंदूची सूज उतरवायच्या औषधाची) सोय होईपर्यंतच. कवटीतला दाब त्याने उतरतो, पण तो रक्त कमी करूनच उतरतो.

मॅनिटॉलचंही तसंच. २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतात. ६० किलोच्या माणसाला अर्धा ग्रॅम प्रति किलोने ३० ग्रॅम, म्हणजे दीड बाटली, पंधरा-वीस मिनिटांत. "आठ-आठ तासांनी १०० मिली" हा छापील डोस कुणाला कमी तर कुणाला उगाच पडतो. देण्याआधी लघवीची नळी हवी आणि बीपी सांभाळलेलं हवं, कारण तासाभरात लघवीवाटे एवढं पाणी जातं की बीपी कोसळतं आणि मिळवलेलं सगळं हातचं जातं. स्टेरॉइडची इंजेक्शनं तर या कामी द्यायचीच नाहीत. २००४ च्या क्रॅश चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते; स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू २१ टक्के, न दिलेल्यांत १८.

रक्त मेंदूत जातं तसं बाहेरही पडावं लागतं, आणि हे सगळ्यात स्वस्तात सुधारता येतं. मानेचा पट्टा घट्ट, श्वासाची ट्यूब बांधायची फीत गळ्याभोवती आवळलेली, मान एका बाजूला वळलेली: तिन्हींत गळ्याच्या शिरा दबतात आणि कवटीतला दाब चढतो. फीत कानाच्या वरून न्या, पट्ट्यात एक बोट सहज शिरलं पाहिजे, नाक आणि बेंबी एका रेषेत. डोकं ३० अंश वर. मात्र धमनीचा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर आणि डोकं पंधरा सेंमी वर असेल, तर मेंदूच्या पातळीवरचा खरा दाब स्क्रीनवरच्यापेक्षा अकरा-बारा मि.मी. कमी असतो. ट्रान्सड्यूसर कुठे ठेवलाय ते चार्टवर लिहून ठेवा, नाहीतर ड्यूटी बदलली की आकडे बदलतात आणि कारण कुणालाच सापडत नाही.

कवटीत दाब मोजायचा सेन्सर घालायची सोय नाही म्हणून हात टेकायचं कारण नाही. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ रुग्णांवर झालेल्या २०१२ च्या चाचणीत सेन्सरवर चालवलेला उपचार आणि ठरलेल्या वेळी सीटी व तपासणीवर चालवलेला उपचार, दोन्हींचा निकाल सारखाच लागला. त्यावरून सेन्सर बिनकामाचा, असा अर्थ काढणारे काढतात. मला त्यातून वेगळं दिसतं: दुसऱ्या गटालाही काटेकोर, लिहून ठेवलेला आणि पाळला जाणारा प्रोटोकॉल होता. दर तासाला बाहुल्या आणि ग्लासगो स्कोअर (शुद्धीचे गुण) कुणी नोंदवत नसेल, तर त्या निकालाचा आधार आपल्याला घेता येत नाही.

स्ट्रोक

"तोंड वाकडं व्हई गयं" हे कळल्यापासून गाडी निघेपर्यंत आपल्याकडे काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कबुतराचं रक्त चोळणं, कांदा हुंगवणं, देवाचा अंगारा. यात वेळ जातो, पण त्याहून जास्त नुकसान करणारी गोष्ट दवाखान्यात होते: बीपी २००/११० दिसलं की जिभेखाली निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडणं. दाब धाडकन उतरतो, किती उतरेल यावर ताबा नसतो. पेनम्ब्रा ज्या शेजारच्या धमन्यांवर जगत असतो, त्या तर केवळ दाबावर चालतात. ते वाढलेलं बीपी बहुतेक वेळा मेंदूनेच मागून घेतलेलं असतं.

बीपी लगेच उतरवावं का, हा वाद चीनमधल्या इंटरॅक्ट-४ या २०२४ च्या चाचणीने बराच मिटवला. दोन हजार चारशेवर रुग्णांत अ‍ॅम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवून बघितलं. ज्यांना नंतर रक्तस्राव निघाला त्यांना फायदा झाला. ज्यांना गुठळी निघाली त्यांचं नुकसान झालं. एकत्र हिशेब शून्य. सीटीच्या आधी हे दोघे ओळखता येत नाहीत, म्हणून सीटीच्या आधी बीपीला हात लावायचा नाही. सीटीनंतर वाटा वेगळ्या होतात. रक्तस्राव असेल तर वरचं बीपी १४० कडे, सावकाश आणि स्थिर. गुठळी असेल आणि ती विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली. इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत सहन करायचं. तारेने गुठळी काढून धमनी उघडल्यावर "आता दाब कमी ठेवू, सुरक्षित" असं वाटतं, पण १२० च्या खाली नेलेल्यांची अवस्था वाईट झाली, हे २०२२ च्या एन्चांटेड-२ चाचणीने दाखवलं.

गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत साडेचार तास. ती लक्षण दिसल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा धड दिसल्यापासून मोजतात. रात्री अकराला चांगला झोपला, पहाटे पाचला हात लुळा दिसला, तर घड्याळ अकरालाच सुरू झालेलं असतं. म्हणून नातेवाइकाला "केव्हा झालं?" विचारू नका. "शेवटचं नीट बोलताना कुणी, किती वाजता पाहिलं?" असं विचारा. चहाची वेळ, दूध काढायची वेळ, लाइट गेल्याची वेळ, काहीही चालतं. या इंजेक्शनचा, म्हणजे अल्टेप्लेजचा, डोस ०.९ मिग्रॅ प्रति किलो, कमाल ९० मिग्रॅ. दहा टक्के एकदम, बाकी तासाभरात. इथे वजन अंदाजाने लिहिणं महागात पडतं. रुग्ण उभा राहत नसेल तर स्ट्रेचरसकट धान्याच्या काट्यावर घ्या आणि स्ट्रेचर वजा करा. सुई टोचण्याआधी शुगर बघायचीच, कारण ५० च्या खालची शुगर हुबेहूब लकव्याचं सोंग करते. तोंडातून पाणी, चहा, गोळी काहीच नाही. गिळणं तपासेपर्यंत उपाशी.

सहा तास उलटून गेलेल्यांची गुठळी तारेने काढायची का, हे ठरवायला प्रवाहाचा नकाशा कामाला येतो. सीटी परफ्युजनमध्ये उजव्या कोपरात १८ नंबरची सुई, ४०-५० मिली डाय सेकंदाला ५ ते ६ मिलीच्या वेगाने, आणि मिनिटभर किंवा थोडं जास्त त्याच भागाचे फोटो पुन्हा पुन्हा. जिथे प्रवाह निरोगी भागाच्या ३० टक्क्यांहून कमी, तो भाग गेला असं संगणक धरतो. जिथे डाय सहा सेकंदांहून उशिरा पोहोचतो, तो धोक्यातला. डिफ्यूज-३ चाचणीत गेलेला भाग ७० मिलीपेक्षा कमी आणि धोक्यातला त्याच्या किमान १.८ पट असेल तर सोळा तासांपर्यंत गुठळी काढली आणि फायदा झाला. डॉन चाचणीने ती मुदत चोवीस तासांपर्यंत नेली. दोन्ही २०१८ च्या.

रंगीत नकाशा बघून माणूस भारावतो, पण तो चुकतो कसा हे माहीत हवं. हृदयाचा पंप कमजोर असेल तर डाय सगळीकडेच उशिरा येतो आणि मशीन लवकर थांबलं तर डायच्या आलेखाचं शेपूट कापलं जातं. मग नसलेला मेलेला भाग दिसायला लागतो. गळ्याची धमनी जुनी अरुंद असेल तर ती अख्खी बाजू धोक्यातली दिसते, जरी ती वर्षानुवर्षं तशीच जगत असली. पहिल्या तासात मेलेला दाखवलेला डाग कधी कधी धमनी उघडल्यावर परत जिवंत होतो. रुग्णाने डोकं हलवलं तर सगळंच रद्द. शिवाय २०२२-२३ च्या चाचण्यांनी मोठा भाग गेलेल्यांनाही गुठळी काढल्याचा फायदा दाखवला. त्यामुळे परफ्युजनची सोय नाही म्हणून रुग्ण थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. साधा सीटी नीट वाचा, गळ्यापासून अँजिओ (डाय देऊन धमन्यांचे फोटो) करा, आणि तारेची सोय कुठे आहे तिथे फोन आधी लावा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पोचतात. रुग्ण मात्र घाटातून जायचा असतो.

धमनी उघडली, तरी माणूस सुधारत नाही, असं का? हा प्रश्न सध्याच्या संशोधनाच्या मध्यभागी आहे. एम्स आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये सशांत दाखवलं की मेंदूचं रक्त काही मिनिटं रोखून परत सोडलं तर मोठ्या वाहिन्या भरतात, पण केशवाहिन्यांत काळी शाई शिरत नाही. २००९ मध्ये येमिश्चीच्या गटाने उंदरांत कारण पुढे आणलं: केशवाहिनीला मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी आकसतात आणि धमनी उघडल्यावरही सैल होत नाहीत. २०१४ मध्ये हॉल आणि सहकाऱ्यांनी त्या पेशी आकसलेल्या अवस्थेतच मरतात असं दाखवलं. केशवाहिनीचा व्यास थोडाच कमी झाला तरी तांबड्या पेशी अडकतात. स्पेनमधल्या २०२२ च्या चॉइस चाचणीत गुठळी काढल्यावर त्याच धमनीत थोडं अल्टेप्लेज सोडून बघितलं. निकाल चांगला होता, पण रुग्ण १२१ आणि चाचणी लवकर थांबलेली. एवढ्यावर रोजची पद्धत बदलावी असं मला वाटत नाही.

नंदुरबारचा वेगळा प्रश्न

सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि सिकलसेलच्या मुलाला शाळकरी वयात लकवा होऊ शकतो. इथे प्रवाहाचं संशोधन थेट हातात येतं, कारण धोका आधी मोजता येतो, तोही लॅपटॉपएवढ्या यंत्राने. ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर आस्लिडने १९८२ मध्ये आणलं. दोन मेगाहर्ट्झचं प्रोब कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या कमानीच्या वरच्या बाजूला, भरपूर जेली लावून टेकवायचं. तिथे कवटीचं हाड पातळ असतं. खोली ५० मि.मी. च्या आसपास लावायची, प्रोब जागेवरून न उचलता केसभर कलवत राहायचं. आधी नुसती खरखर येते, मग एकदम नाडीच्या ठेक्यात फुत्कार ऐकू येतो आणि पडद्यावर तिरकं शिखर उमटतं. प्रवाह प्रोबकडे येत असेल तर ती मेंदूची मधली धमनी. तिथून दोन-दोन मि.मी. आत-बाहेर सरकत सगळ्यात जास्त वेग कुठे मिळतो ते शोधायचं. पहिल्या चांगल्या आवाजावर थांबणं ही नवख्याची ठरलेली चूक.

स्टॉप या १९९८ च्या चाचणीत सरासरी वेग सेकंदाला २०० सेंमी किंवा जास्त असलेल्या मुलांना नियमित रक्त दिलं आणि लकव्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं. तपासणी २ ते १६ वयात. १७० च्या खाली असेल तर वर्षाने पुन्हा, १७० ते १९९ असेल तर तीन महिन्यांत, २०० च्या वर असेल तर दोन आठवड्यांत पुन्हा करून खात्री. साध्या सोनोग्राफी मशीनच्या डॉप्लरने मोजलं तर वेग सुमारे दहा टक्के कमी येतो. तिथे २०० ची वाट बघायची नाही. लक्षात घ्या, इथे मोजतोय तो वेग, प्रवाह नव्हे. नळी अरुंद झाली म्हणून वेग वाढतो, आणि हिमोग्लोबिन कमी असलं तरी वाढतो.

मूल जागं आणि शांत हवं. झोपलेल्या मुलाचा कार्बन डायऑक्साइड चढतो, वेग खोटा वाढतो. रडणाऱ्याचा उतरतो, वेग खोटा कमी येतो आणि धोक्यातलं मूल "नॉर्मल" शिक्का घेऊन धडगावला परत जातं. ताप असताना किंवा नुकतं रक्त दिलं असताना मोजू नये. आई मांडीवर घेऊन बसली आणि मोबाइलवर कार्टून लावलं की काम होतं.

नियमित रक्त म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी, सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांखाली राहील असं. मध्येच थांबवलं तर वेग परत चढतो, हे स्टॉपच्या दुसऱ्या चाचणीने २००५ मध्ये दाखवलं. पावसाळ्यात रस्ता बंद, रक्तपेढीत गट नाही, वडील ऊसतोडीला गेलेले: दर महिन्याचं रक्त अक्कलकुव्याच्या पाड्यावर कागदावरच राहतं. ट्विच चाचणीने २०१६ मध्ये दाखवलं की वर्षभर रक्त घेतलेल्या, धमन्या फार खराब न झालेल्या मुलांना रक्ताऐवजी हायड्रॉक्सियुरिया या तोंडी औषधावर आणता येतं. जिथे रक्त जमतच नाही, तिथे किमान २० मिग्रॅ प्रति किलो रोज, असं अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीचं २०२० चं मार्गदर्शन आहे. १५ किलोच्या मुलाला हे ३०० मिग्रॅ होतात, आणि दुकानात सहज मिळणारी कॅप्सूल ५०० ची. घरी कॅप्सूल फोडून चिमटीने भुकटी देऊ नये. डोस मोजून बनवून घ्यावा. घरात गरोदर बाई असेल तर तिने हे औषध हाताळू नये. पहिल्या महिन्यांत दर चार आठवड्यांनी रक्ततपासणी करून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघायच्या, आणि त्याच फेरीत डॉप्लरची पुढची तारीख कार्डावर लिहून द्यायची.